दुकानाची किल्ली एसईओवाल्याकडे

माझं साताऱ्यात डीटीपी आणि फ्लेक्सचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, वाढदिवसाचे बॅनर, दुकानाच्या पाट्या हे आपलं काम. त्यामुळे धंदेवाले लोक दिवसभर येत जात असतात आणि गेली सात आठ वर्षं एक सीन ठरलेला आहे, पाटीचं डिझाईन फायनल करता करता माणूस मोबाईल काढतो, व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ दाखवतो आणि विचारतो, "हे एसईओ का काय म्हणतात ते घ्यावं का हो? महिन्याला एवढे एवढे मागतायत." एसईओ म्हणजे गूगलवर कुणी शोधलं की आपलं नाव वर दिसावं म्हणून करायचं काम. कुणी टायरवाला, कुणी दाताचा डॉक्टर, कुणी कंदी पेढेवाला, एकदा तर लग्नाला घोडा भाड्याने देणारा आला होता. पीडीएफ मात्र सगळ्यांची सारखीच. पहिल्या पानावर वर चढत जाणारा बाण, दुसऱ्यावर "गूगलवर पहिल्या नंबरची १०० टक्के हमी", शेवटच्या पानावर सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. एसईओ थोतांड आहे असं मी म्हणत नाही. पण तालुक्याच्या गावात छोट्या धंदेवाल्याला एसईओ म्हणून जे विकतात त्यात काम थोडं आणि भीती जास्त असते, आणि त्या भीतीपायी तो नुसते पैसे देऊन सुटत नाही, तो आपली पाटी, आपला फोन नंबर आणि दुकानाची किल्लीच दुसऱ्याच्या खिशात घालून येतो. पैसे गेले तर माणूस चार दिवस हळहळतो आणि पुढे जातो. किल्ली गेलेली मात्र त्याला कळतच नाही, कारण दुकानाचं शटर तर रोज तोच उघडत असतो.

हे मला कळलं ते मेहुण्यामुळे. तो दापोलीजवळ राहतो, कर्द्याच्या बाजूला. चार खोल्या, पुढे अंगण, मागे माड पोफळी, घरगुती राहण्या-जेवणाची सोय. समुद्र चालत दहा मिनिटांवर. दिवाळी ते मे हा धंदा, पावसाळ्यात जवळपास शुकशुकाट. त्याला एक दिवस फोन आला, "सर, मी गूगलकडून बोलतोय, तुमचं लिस्टिंग एक्स्पायर होतंय." आता लिस्टिंग म्हणजे गूगलच्या नकाशावरची आपल्या धंद्याची नोंद, ते फुकट असतं, ते एक्स्पायर बिक्स्पायर काही होत नाही, आणि गूगलचा माणूस असं पॅकेज विकायला फोन करत नाही. पण सीझन तोंडावर आलेला, शेजारच्या दोन घरांनी घेतलंय असं समोरचा सांगतोय, म्हटल्यावर माणूस घाबरतो. मग एक मुलगा घरी आला. इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड, त्या पोराचा राग मला आजही येत नाही, तोही कमिशनवरच असणार. त्याने अंगणात खुर्चीवर बसून स्वतःच्या मोबाईलवर घराचं नाव टाकून सर्च केलं आणि म्हणाला, "बघा सर, ट्रायल म्हणून आत्ताच थोडं काम केलं तर पहिल्या नंबरला आलं."

ह्याच्यात गंमत काय आहे ती नीट समजून घ्या, कारण साताऱ्यातल्या घोडेवाल्यालाही हेच दाखवलं होतं. नकाशावर कोण वर येणार हे ठरताना गूगल मुख्यतः तीन गोष्टी बघतं असं ते स्वतःच सांगतात: विचारलेल्या गोष्टीशी तुमचा धंदा किती जुळतो, शोधणारा तुमच्यापासून किती लांब आहे, आणि तुम्ही किती नावाजलेले आहात. आता जो माणूस तुमच्याच अंगणात बसून तुमचंच नाव टाईप करतोय त्याला तुम्ही नाही तर काय महाबळेश्वरचं हॉटेल दिसणार का? हीच परीक्षा पुण्यात कोथरूडमध्ये बसलेल्या कुणाला तरी घ्यायला सांगायची, घराचं नाव न टाकता, "दापोलीत राहायची सोय" असं काहीतरी टाकून. मग खरा नंबर कळतो.

आणि हमीचं म्हणाल तर गूगलच्या मदतीच्या पानांवर चक्क लिहून ठेवलंय की पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, जो आमच्याशी खास ओळख असल्याचं सांगतो त्याच्यापासून सांभाळून राहा, आणि नकाशाच्या यादीत वर यायला पैसे भरायची सोयच नाही. "प्रायोजित" लिहून वर येते ती जाहिरात, ती वेगळी, तिचे पैसे संपले की ती गेली. हे सगळं फुकट वाचायला मिळतं. पण ते शोधायला जाणार कोण, आणि जो माणूस पहाटे उठून हर्णैला मासे आणायला जातो त्याने ते इंग्रजी पान कधी वाचायचं?

पहिल्या नंबरचा हा बाजार आला कुठून त्याचीही एक गोष्ट आहे. १९९८ मध्ये स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी, म्हणजे लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी गूगल काढलं तेव्हा त्यांची मूळ आयडिया साधी होती, एका साईटने दुसऱ्या साईटची लिंक दिली की ते एक मत धरायचं आणि वजनदार साईटच्या मताला जास्त किंमत द्यायची. आता मत म्हटलं की ते विकत घेणारा आलाच, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. लिंका विकायची दुकानं निघाली. मोठेही सुटले नाहीत, २००६ मध्ये बीएमडब्ल्यूच्या जर्मन साईटने सर्च इंजिनला एक पान आणि माणसांना दुसरंच पान दाखवलं म्हणून गूगलने ती काही दिवस यादीतूनच काढून टाकली होती, आणि २०११ मध्ये अमेरिकेतल्या जेसी पेनी ह्या मोठ्या दुकानसाखळीला विकतच्या लिंकांमुळे खाली ढकललं. २०१२ च्या एप्रिलमध्ये तर असल्या लिंकांच्या विरोधात नंबर लावायच्या पद्धतीत पेंग्विन नावाचा अख्खा बदलच आणला. पण ही बातमी आपल्याकडच्या पॅकेजवाल्यांपर्यंत अजून पोचायची आहे. पानाच्या कोडमध्ये कीवर्डची, म्हणजे लोक शोधताना टाकतील अशा शब्दांची, यादी भरायची एक जुनी पद्धत असायची, ती आम्ही वेबसर्चसाठी बघतच नाही असं गूगलने २००९ मध्ये जाहीर केलं, आणि मेहुण्याच्या पीडीएफमध्ये गोल्ड पॅकेजच्या खाली ती पहिलीच ओळ होती. म्हणजे बघा.

तर त्याने गोल्ड घेतलं. महिन्याला ६,५०० रुपये, अकरा महिने भरले, म्हणजे ७१,५००. त्याची एक खोली सीझनला २,००० ला जाते, म्हणजे साधारण छत्तीस रात्रींचं भाडं झालं हे, आणि त्यात जेवणाचा, धुण्याचा, लाईटबिलाचा खर्च धरलेलाच नाही.

दर महिन्याला रिपोर्ट यायचा. मी ते सगळे रिपोर्ट पुढे त्याच्या ओटीवर बसून वाचले, दुपारभर, पंखा बंद, लाईट गेलेली. बावीस पानांचा इंग्रजी रिपोर्ट. मेहुणा काही अडाणी नाही, बीकॉम आहे, पण तो म्हणाला, "भावोजी, मी फक्त शेवटचं पान बघायचो, हिरवं असलं की बरं वाटायचं." पहिला मोठा आकडा म्हणजे इम्प्रेशन. तो हजारांत होता. इम्प्रेशन म्हणजे कुणाच्या तरी स्क्रीनवर तुमचं नाव येऊन गेलं, बस. एसटी स्टँडवरून रोज हजारो माणसं जातात म्हणून स्टँडवरच्या प्रत्येक टपरीत हजार चहा खपत नाहीत. दुसरा आकडा डोमेन अथॉरिटीचा, ती ६ वरून ११ झाली म्हणून खाली अभिनंदन लिहिलेलं. साईट सर्चमध्ये किती वर येऊ शकेल ह्याचा मॉझ नावाच्या एका खाजगी कंपनीने काढलेला हा अंदाज आहे, गूगल तो वापरत नाही. तिसरं म्हणजे कोणत्या शब्दांवर आपण पहिले आलो त्याची यादी, आणि ती वाचून मला ओटीवर एकट्याला हसू आलं. "बेस्ट ट्रॅडिशनल कोकणी फॅमिली होमस्टे विथ होम फूड निअर कर्दे बीच दापोली फॉर कपल्स अँड ग्रुप्स". हे कोण टाईप करतं हो? एवढं टाईप करेपर्यंत माणूस ताम्हिणी उतरून खाली येईल. जे वाक्य कुणीच विचारत नाही त्याच्यावर पहिलं यायला काहीच लागत नाही, तिथे दुसरा कुणी स्पर्धेलाच नसतो.

बॅकलिंका, म्हणजे दुसऱ्या साईटवरून आपल्या साईटला दिलेल्या लिंका, १८० होत्या. चार पाच उघडून बघितल्या. एक कुठल्यातरी परदेशी कॅसिनोची, एक केसगळतीच्या औषधाची, बाकीच्या कुणाच्या तरी लेखाखाली कमेंटमध्ये चिकटवलेल्या. आणि रिव्ह्यू! एका आठवड्यात तीस पाच-स्टार रिव्ह्यू. सासूबाई चष्मा लावून एकेक नाव वाचत होत्या, "ही कोण माणसं? आपल्याकडे जेवून गेली असती तर मला आठवली असती." त्यातल्या एकाने लिहिलेलं, "प्रॉडक्ट क्वालिटी छान, डिलिव्हरी वेळेवर." चार खोल्यांच्या घराची डिलिव्हरी. खोट्या रिव्ह्यूंसाठी आपल्याकडे २०२२ च्या नोव्हेंबरात भारतीय मानक ब्युरोने आयएस १९००० नावाचं एक मानक आणलं, पण ते पाळणं ऐच्छिक ठेवलं, म्हणजे आपण समजायचं ते समजावं.

पण हे सगळं माझ्या दृष्टीने किरकोळ आहे. फसवणूक धंद्यात नवी नाही, निकृष्ट फ्लेक्स मटेरिअल मलाही कितीदा गळ्यात मारलंय. खरी गोष्ट पुढेच आहे.

पावसाळ्यात कमाई नाही म्हणून मेहुण्याने पैसे भरणं थांबवलं. दोन महिन्यांनी दिवाळीच्या तोंडावर त्याच्या लक्षात आलं की फोनच येत नाहीयेत. एक नेहमीचं कुटुंब थेट दारात येऊन उभं राहिलं आणि म्हणालं, "अहो तुमचा फोन किती लावला, बंदच येतो." बंद? फोन तर त्याच्या हातात, चालू. मग बघतो तर नकाशावर त्याचा नंबरच नव्हता. एजन्सीने कॉल मोजायला म्हणून आपला एक नंबर तिथे टाकलेला, तो पुढे मेहुण्याच्या फोनवर वळवलेला, आणि पैसे थांबल्यावर ते वळवणं थांबलं. नकाशावरचं प्रोफाइल, म्हणजे तेच लिस्टिंग, एजन्सीच्या जीमेलवरून काढलेलं, मेहुण्याला त्यात साधं मॅनेजर म्हणूनसुद्धा घेतलेलं नाही. वेबसाईटचं डोमेन, म्हणजे साईटचा पत्ता, त्यांच्या नावावर, साईट बंद. आणि नकाशावर घराचं नाव काय, तर "बेस्ट सी व्ह्यू एसी होमस्टे इन दापोली निअर बीच". सी व्ह्यू नाही. एसी नाही. सासूबाईंच्या सासूबाईंचं नाव आहे त्या घराला, पन्नास वर्षांचं, ते गायब. हे असं नावात कीवर्ड कोंबणं गूगलच्या नियमातही बसत नाही, नाव पाटीवर असेल तेच टाकायचं असतं, कुणी तक्रार केली तर प्रोफाइल उडू शकतं. म्हणजे पैसे घेऊन वर जोखीम पण गिऱ्हाईकाच्याच डोक्यावर.

ही किल्ली परत कशी मिळवली ते सांगतो, कुणाला उपयोगी पडेल. प्रोफाइलची मालकी मागायची सोय गूगल देतं, आधीच्या मालकाला उत्तर द्यायला काही दिवस मिळतात, समोरून काहीच उत्तर आलं नाही, मग गूगलने पडताळणीसाठी व्हिडिओ मागितला. त्या व्हिडिओत रस्ता दाखवायचा, दुकानाची पाटी दाखवायची आणि हा धंदा तुम्हीच चालवता हे दिसेल असं काहीतरी करून दाखवायचं, म्हणजे कुलूप उघडणं, गल्ला उघडणं असलं. आता मेहुण्याच्या घराला पाटी होती ती नुसती "राहण्याची व जेवणाची उत्तम सोय", नाव नाही. मग मी रात्रीत इथे पाटी छापली, सकाळच्या एसटीने पाठवली, त्याने ती दाराशी लावली आणि मोबाईल एका हातात धरून दुसऱ्या हाताने पडवीच्या दाराचं कुलूप किल्लीने उघडून दाखवलं. स्वतःच्या आजीच्या घराचं कुलूप, ते आपलंच आहे हे सिद्ध करायला. सासूबाई मागून म्हणाल्या, "हे कोणाला दाखवतोयस रे?" ह्याला काय उत्तर देणार?

आता कुणी म्हणेल, चार खोल्यांवरून एवढं काय, तज्ज्ञाचं काम तज्ज्ञानेच करावं. मान्य, आणि मी तज्ज्ञांच्या विरोधात नाही. ज्या साईटला हजारो पानं आहेत, माल ऑनलाईन विकला जातो, त्यांना हे काम लागतंच आणि ते कष्टाचं काम आहे. माझ्याच एका गिऱ्हाईकाची फर्निचरची साईट वर्षभर गूगलवर कुठेच नव्हती. पुण्यातल्या एका मुलीने दहा मिनिटांत सांगितलं की साईट बनवणाऱ्याने वर्डप्रेसमधली, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर साईट बनवली त्यातली, "सर्च इंजिनला दूर ठेवा" अशा अर्थाची एक चौकट टिक करून ठेवली होती, बांधकाम चालू असताना लावतात ती, आणि तो काढायला विसरला. तिने टिक काढली, जुन्या पत्त्यांवरून नव्या पत्त्यांवर वळवणं लावून दिलं, एकदाची फी घेतली आणि म्हणाली महिन्याच्या पॅकेजची तुम्हाला गरज नाही, लॉगिन तुमच्याकडेच ठेवा. असे लोक आहेत. फक्त ते फोन करून घाबरवत नाहीत म्हणून ते आपल्याला सापडत नाहीत.

आणि घाबरणाऱ्याला मी मूर्ख पण म्हणणार नाही. त्याची भीती पूर्ण खोटी नाही. सर्चचं अख्खं रान एकाच कंपनीच्या हातात आहे, वरच्या जागा जाहिरातींनी भरत चालल्यात, आणि सर्चमध्ये स्वतःच्या गोष्टी पुढे दामटल्या म्हणून आपल्याच स्पर्धा आयोगाने २०१८ च्या फेब्रुवारीत गूगलला सुमारे १३६ कोटींचा दंड ठोठावला होता. त्यामुळे "गूगलचे नियम पाळा म्हणजे झालं" असं मी कुणाला सांगणार नाही. नियम त्यांचे, पंच तेच, मैदान पण त्यांचंच. हल्ली तर वर एआयचं तयार उत्तर येतं, माणूस साईटवर येतच नाही, आणि लगेच पॅकेजवाल्यांनी पीडीएफवरचं नाव बदलून "एआय सर्चमध्ये पहिला नंबर" केलंय. बाण तोच.

मग छोट्या माणसाच्या हातात काय उरतं? माझ्या मते दोनच गोष्टी, स्वतःची खरी माहिती आणि तिच्यावरचा स्वतःचा ताबा. ह्यातली पहिली आपल्याकडे घरात पडून असते आणि आपण ती फेकून देतो.

मेहुण्याच्या बंद पडलेल्या साईटवर काय लिहिलेलं माहितीये? "वेलकम टू अवर लक्झुरियस स्टे नेस्टल्ड इन द लॅप ऑफ नेचर". आणि त्याच वेळी घरात फोन कोण उचलतं, तर सासूबाई. मी दोन दिवस नुसतं ऐकत बसलो. ताम्हिणीवरून येऊ का महाडवरून? आजोबांना जिना चढवत नाही, खाली खोली आहे का? गाडी आत लागते का रस्त्यावर? कुठल्या कंपनीची रेंज येते? आमच्यातले दोघं शाकाहारी, भांडी वेगळी असतात का? सुरमई मिळेल ना? आणि सासूबाईंचं उत्तर, "सुरमई म्हणून आधी कबूल करत नाही मी, हर्णैला बोटी काय आणतील ते. बांगडा तरी मिळेल. मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगा, पीठ ताजं लागतं." ह्याच्यापेक्षा चांगला मजकूर कुठली एजन्सी लिहिणार? लोक जे विचारतात तेच ते टाईप करतात, मराठीत, अर्धं इंग्रजीत, इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत, नाहीतर माईक दाबून बोलतात. आम्ही त्यांची उत्तरं मोबाईलवर रेकॉर्ड केली, मी टाईप केली, जशीच्या तशी, आणि प्रोफाइलवर आणि नव्या साध्या एका पानाच्या साईटवर टाकली. खरे फोटो टाकले, न्हाणीघराचा सुद्धा, कारण बायका तेच विचारतात. त्यानंतर एकदम झुंबड उडाली असं काही झालेलं नाही, खोटं कशाला सांगू. पण आता जो फोन करतो तो तारीखच विचारतो, बाकीचं त्याने वाचलेलं असतं.

मराठीचं इथे एक वेगळंच दुखणं आहे. दुकानाची पाटी मराठीत हवी आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत असा बदल राज्याने २०२२ मध्ये कायद्यात केला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, २०२३ च्या सप्टेंबरात कोर्टाने दोन महिन्यांची मुदत दिली, आणि खरं सांगतो, त्या दोन महिन्यांत माझी दिवाळी झाली, रात्री बारा बारापर्यंत मशीन चालू. पण तेच दुकान नकाशावर बघा. तिथे मराठीचा टिपूस नाही. रस्त्यावरची पाटी किती जण बघतात आणि मोबाईलमधली किती जण? तिथेही कायदा करा असं मी म्हणत नाही, कायद्याने पाट्या येतात, उत्तरं येत नाहीत. पण वेळ, सुट्टीचा वार, काय मिळतं, ह्या चार ओळी मराठीत लिहायला कुणाची परवानगी लागत नाही, इंग्रजी शेजारी राहू दे ना, पर्यटक सगळीकडून येतात. पॅकेजवाला हे सुचवत नाही कारण त्याच्या साच्यात मराठी बसतच नाही. तसं .भारत हे देवनागरी डोमेन २०१४ पासून मिळतंय, आणि इतक्या वर्षांत माझ्याकडे त्या पत्त्याचं एकही व्हिजिटिंग कार्ड छापायला आलेलं नाही, असो.

दुसरी गोष्ट ताब्याची, आणि ही मात्र एकेकट्याने सांभाळायची गोष्ट नाही, इथे व्यवस्थेने काहीतरी करायला हवं. सीए बदलला तरी पॅन नंबर आपलाच राहतो. गुमास्ता लायसन आपल्या भिंतीवर लटकतं, ते काढून देणाऱ्या एजंटच्या नाही. भाड्याच्या गाळ्याचासुद्धा करार असतो, किल्ल्या किती आणि कुणाकडे ते त्यात लिहितात. मग नकाशावरचं प्रोफाइल, डोमेन, पेजचं ॲडमिन हे सगळं तोंडी का? एजन्सीने काम करावं, मॅनेजर म्हणून करावं, मालक धंदेवालाच राहावा, नंबर त्याचाच असावा, काम सोडताना चावी टेबलावर ठेवून जावं. एका पानाचा मराठी करारनामा पुरेल. हा नमुना जिल्हा उद्योग केंद्रांनी काढावा, व्यापारी संघांनी आपल्या सभासदांना वाटावा, पर्यटन महामंडळाने न्याहारी निवासवाल्यांना नोंदणीच्या कागदांबरोबर द्यावा आणि सोबत एक दुपार त्यांना प्रोफाइल स्वतः कसं काढायचं ते शिकवावं. एका दुपारचंच काम आहे, मी मेहुण्याला शिकवलं तेव्हा चहा धरून दीड तास लागला.

कायद्याचं बोलायचं तर हा छोटा माणूस अधांतरी आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल केंद्राने २०२२ च्या जूनमध्ये मार्गदर्शक नियम काढले, पण ते ग्राहकाच्या बाजूने बघतात, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकाच्या व्याख्येतून व्यापारी कामासाठी घेतलेली सेवा बाहेर ठेवलीय. म्हणजे मेहुण्याने घरासाठी फ्रिज घेतला आणि तो बिघडला तर तो ग्राहक, धंद्यासाठी पॅकेज घेतलं आणि फसला तर आधी तो ग्राहक आहे का ह्यावरच वाद घालायचा. दिवाणी कोर्टात जा म्हणायला सोपं आहे, ७१,५०० साठी कोण जातंय? "पहिल्या नंबरची हमी" हे वाक्यच विकायला बंदी घाला, मग ते घेणारा दुकानदार असो नाहीतर घरगुती गिऱ्हाईक. डॉक्टरने "हमखास बरे करू" अशी पाटी लावली तर आपल्याला ती खटकते, इथे का खटकत नाही?

माझ्या दुकानात आता कुणी पीडीएफ दाखवली की मी तीनच प्रश्न विचारायला सांगतो. प्रोफाइल कुणाच्या जीमेलवर राहणार? डोमेनचं बिल कुणाच्या नावावर येणार? आणि नकाशावर नंबर कुणाचा असणार? घोडेवाल्याने ते फोनवरच विचारले तर समोरच्याने मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला, तो परत आलेला नाही.

मेहुण्याचं मात्र अजून पूर्ण निस्तरलेलं नाही. प्रोफाइल मिळालं, नाव परत आलं, खोटे रिव्ह्यू तक्रार करकरून अर्धेच गेले, डिलिव्हरीवाला अजून तसाच आहे. डोमेन गेलंच, नवीन घेतलं. आणि एजन्सीने तो त्यांचा नंबर कुठल्या कुठल्या डिरेक्टऱ्यांमध्ये भरलाय त्याचा हिशोबच नाही, दोन सापडल्या, त्यांना ईमेल टाकून महिना झाला. मागच्या शनिवारी नाशिकचं एक कुटुंब त्या नंबरवर फोन लावत लावत शेवटी हर्णैच्या बाजारात विचारत विचारत आलं. रात्रीचे साडेनऊ. सासूबाईंनी पिठलं टाकलं.